शेरेबुक कुलपांत कां?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. मडकें घेतांना टिचकी मारून पाहतों. पण ज्या शाळेंत पोटचें पोर चार-आठ वर्षें घालतों, तिच्याविषयीं तपासायला आलेल्या साहेबांनीं काय लिहून ठेवलें आहे, हें आपण कधीं विचारतों काय? शाळेच्या कपाटांत शेरेबुक नांवाची वही असते. केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, वर्ग पाहतात, तींत शेरा लिहितात आणि निघून जातात. मग कपाटाला कुलूप!

मी वीस वर्षें मास्तरकी करीत आहें. पाठ कसा घ्यावा हें ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों. शेऱ्याचें पुढें काय होतें हें नोकरींत शिकलों. या जिल्ह्यांतील एका लहान गांवीं मी होतों. वर्ग चार, मास्तर एक; दुसरी जागा रिकामी. पहिल्या वर्षीं शेरा पडला, ‘दुसरीचें वाचन कच्चें. सुधारणा करावी.’ दुसऱ्या वर्षीं तोच शेरा. तिसऱ्या वर्षींही तोच. शाई तेवढी निराळी. मी दर वेळीं खालीं ‘पूर्तता करतों’ असें लिहून सही करीत गेलों. खोटें कां बोलूं? दोष माझाही होता.

एके दिवशीं शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेंत एक कुंभारीण बाई म्हणाली, “गुरुजी, मी दर सभेला सही करते, पण त्या वहीत काय लिव्हलंय ते कधी वाचून दावलं नाही तुम्ही.” मला लाज वाटली. मीं वही उघडून तिन्ही शेरे मोठ्यानें वाचले. बाई म्हणाली, “म्हंजी तीन वरीस दुखणं तेच, अन् औषध कुणीच दिलं नाही?”

त्या एका प्रश्नानें जें झालें, तें तीन शेऱ्यांनीं झालें नव्हतें. गांवकरी पंचायत समितींत गेले, रिकाम्या जागेसाठीं अर्ज दिला व पोहोंच घेतली. रोज पहिला तास दुसरीच्या वाचनाचा, असें माझ्याकडून कबूल करून घेतलें. द्राक्षाच्या कामाला जाणाऱ्या आयांनीं पोरें घरीं आजीजवळ ठेवलीं. दुसरा मास्तर यायला वर्ष गेलें. पण त्याआधींच पोरें वाचूं लागलीं.

हें दुखणें जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या लेखी निवेदनांत सांगितलें होतें कीं, वर्षांतून एकदां होणाऱ्या डेप्युटीच्या भेटीचा फारसा उपयोग नाहीं. शाळा निदान तीन महिन्यांनीं एकदां, आणि मधून मधून आगाऊ न कळवितां तपासाव्या. पुढें १९२३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे व म्युनिसिपालिट्यांकडे गेला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. परिषदेला शिक्षण समितीही असते. हेतु हा कीं, शाळेचा जाब लोकांनीं निवडलेल्या सभासदांनीं घ्यावा. पण आपल्या नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली व प्रशासक बसला. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाला राज्यांतील रखडलेल्या निवडणुका घ्या म्हणून सांगावें लागलें. तीन वर्षांवर काळ पंधराही तालुक्यांतील शाळांचे शेरे वर जात राहिले. परंतु सभेंत उठून ‘याचें पुढें काय केलें?’ असें विचारणारा निवडलेला सभासद नव्हता. धन्यावांचून शेत तसें हें झालें.

मात्र गांवांतला धनी शाबूत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला आहे. साठ मुलांपर्यंत दोन मास्तर, हेंही त्याच कायद्याच्या परिशिष्टांत आहे. इंग्लंडांत १९९२ च्या कायद्यापासून तपासणीचा निकाल आईबापांपर्यंत पोहोंचवावा लागतो. मात्र सबंध शाळेवर एकाच शब्दाचा शिक्का मारण्याची चाल तेथेंही सरकारी शाळांपुरती सप्टेंबर २०२४ मध्यें बंद करावी लागली. नुसत्या शिक्क्यानें शाळा सुधारत नाहीं.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. प्रत्येक शेरा पुढच्याच सभेंत मोठ्यानें वाचावा. त्याखालीं दोन रकाने आंखावे : मास्तर काय करणार, आणि पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद काय देणार, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख टळली तर अर्ज वर न्यावा. मतें मागायला येणाऱ्या उमेदवारालाही हीच वही दाखवावी.

माझे मास्तरबंधु म्हणतील, गांवांतले तट या वहीचा दांडका करतील. भीति खोटी नाहीं. पण दोन्ही रकाने भरलेले असले, तर दांडका एकट्या मास्तराच्या पाठींत बसणार नाहीं. वही झांकून ठेवली, तर मार पोरांनाच बसतो, आणि तो आवाज न करतां बसतो.

तरी बाबांनो, मायबहिणींनो, पुढच्या सभेला मजुरी थोडी बुडाली तरी जा. सही करण्यापूर्वीं एवढेंच म्हणा : “गुरुजी, शेरेबुक आणा आणि वाचून दाखवा.”