आईच्या रक्तातील खूण आणि कायद्याचा पहारा

चीनची मुख्य भूमी आणि हाँगकाँग यांच्यामधील फुतिएन नाक्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीला अडविले. तिच्या दप्तरात गर्भवती स्त्रियांच्या रक्ताच्या १४२ नळ्या निघाल्या. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे वैद्यकीय कारणावाचून सांगण्यास चीनमध्ये बंदी आहे. म्हणून रक्त सीमेपलीकडे नेऊन तेथे तपासून घेण्याचा एक चोरटा व्यापारच उभा राहिला होता. घटना परदेशातील असली, तरी तिच्यातून निघणारा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही.

या तपासणीमागील विज्ञान थोर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कर्करोगाच्या गाठीतील डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात उतरतो, असे १९९६ साली दिसून आले होते. गाठीच्या बाबतीत जे घडते ते गर्भाच्या बाबतीतही का घडू नये, असा विचार ऑक्सफर्ड येथे काम करणाऱ्या डेनिस लो यांनी केला. स्त्रीच्या शरीरात वाय गुणसूत्र नसते. तेव्हा गर्भवतीच्या रक्तद्रवात त्याचे अंश सापडले, तर ते पोटातील मुलाचेच असले पाहिजेत. लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ गर्भवती स्त्रियांचे रक्तद्रव तपासले. त्यांतील ३० जणींच्या पोटी मुलगा होता. त्यांपैकी २४ जणींत ही खूण मिळाली. मुलगी असलेल्या १३ जणींपैकी एकीतही ती मिळाली नाही. १९९७ साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे या नव्या ज्ञानाने जगाला सांगितलेली पहिली गोष्ट गर्भाचे लिंग हीच होती. संशोधकांना ती केवळ पुराव्यासाठी हवी होती; बाजाराला ती वेगळ्याच कारणासाठी हवी होती.

पुढे २००८ साली हाँगकाँगमध्ये लो यांच्या आणि अमेरिकेत स्टीफन क्वेक यांच्या गटाने, परस्परांपासून स्वतंत्रपणे, रक्तद्रवातील डीएनएचे लक्षावधी तुकडे मोजण्याची पद्धत दाखवून दिली. एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणापेक्षा किंचित अधिक भरले, तर गर्भाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता मोठी, असा हा हिशेब आहे. २०११ पासून ही तपासणी बाजारात आली. गर्भजलपरीक्षेसाठी पंधराव्या आठवड्यानंतर गर्भाशयात सुई घालावी लागते आणि तीत गर्भपाताचा थोडा, पण खरा, धोका असतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास दंडातून घेतलेल्या रक्ताने हजारो स्त्रियांची त्या सुईतून सुटका झाली. अर्थात ही चाळणी आहे, अंतिम निदान नव्हे; तीत दोष दिसला तर गर्भजलपरीक्षेने खात्री करून घ्यावीच लागते.

यंत्रावरचा पहारा

आता आपल्याकडे पाहू. गर्भजलपरीक्षा हीदेखील मुळात रोगनिदानासाठीच आली होती. परंतु १९८० च्या दशकात आज थोडे पैसे खर्चून उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होऊ लागल्या. मुंबईतील स्त्री-संघटनांनी आणि जाणत्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. त्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताचा नमुना घेणेही येते. म्हणजे रक्तावरून लिंग सांगणे हा आजही गुन्हाच आहे. प्रश्न कायद्याच्या शब्दांचा नाही. त्याच्या हातापायांचा आहे.

या कायद्याची सारी अंमलबजावणी उभी आहे ती सोनोग्राफीच्या यंत्राभोवती. केंद्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीसाठी भरावयाचा 'एफ' नमुना, नियम मोडल्यास यंत्राला ठोकावयाचे सील, अशी ही व्यवस्था आहे. यंत्र महाग असते, एका जागी असते आणि त्याला एक मालक असतो. म्हणून त्याच्यावर पहारा ठेवता येतो. रक्ताच्या नळीला यांतले काहीच लागू नाही. रक्त घेणारा एका गावात, प्रयोगशाळा दुसऱ्या देशात आणि उत्तर दूरध्वनीवर, असा व्यवहार झाला तर निरीक्षकाने सील ठोकावयाचे कशाला? शिवाय उत्तर जितके लवकर येईल, तितका गर्भपात सोपा आणि निनावी होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, आजवर आपण पुरवठ्यावर नियंत्रण ठेवले. आता पुरवठाच दप्तरात मावेल इतका लहान झाला आहे.

मागणीचे काय?

शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. म्हणजे कायदा असतानाही घसरण थांबली नाही. ऊस आणि सहकार यांनी संपन्न झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हे प्रमाण अवघे ८३९ होते. दुष्काळी बीडमध्ये ते पुढील दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर आले. संपन्नता आणि दारिद्र्य, दोन्ही या बाबतीत एकाच दिशेने चालली. लहान कुटुंबाचा स्वीकार झाला, पण मुलाचा हट्ट सुटला नाही. अपत्ये कमी झाली तसा तो हट्ट अधिक टोकदार झाला.

या हट्टामागे केवळ अज्ञान आहे असे मानणे सोयीचे असले, तरी खरे नाही. त्यामागे एक हिशेब आहे. हुंडा १९६१ पासून बेकायदा आहे, पण 'मानपान' या नावाने तो चालूच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. पण भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण आजही 'समजूतदार' ठरते. शेतकऱ्याला आणि असंघटित कामगाराला पुरेशा निवृत्तिवेतनाचा आधार नाही. त्याच्या लेखी मुलगा हीच म्हातारपणाची काठी. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या पालनाची जबाबदारी मुलीवरही टाकली आहे. परंतु मिळकत न देता जबाबदारी तेवढी देणारा कायदा घरातला हिशेब बदलू शकत नाही.

ही तपासणीच बंद करावी, असे यावर कोणी म्हणेल. तसे केल्यास गरजू दांपत्ये तिच्या लाभाला मुकतील आणि ज्यांना परवडते ते परदेशी नमुने पाठवतील. उलट, केवळ मनोवृत्ती बदलण्याची वाट पाहावी, असेही म्हणता येणार नाही. आज गर्भात असलेल्या मुलीला तितका वेळ नाही. म्हणून पहारा उठवून चालणार नाही. तो हलवावा लागेल. यंत्राचा हिशेब ठेवतो तसा गर्भवतीच्या रक्ताच्या प्रत्येक नमुन्याचा, तो कोणी घेतला, कोठे गेला आणि अहवालात काय आले याचा, हिशेब प्रयोगशाळांकडून घेतला पाहिजे. हक्कसोडपत्र नोंदविताना मुलीला तिच्या वाट्याची किंमत समोर मांडून, नातेवाइकांपासून वेगळे बसवून विचारले पाहिजे. आणि असंघटितांच्या निवृत्तिवेतनाला केवळ कल्याणयोजना न मानता, मुलींच्या जन्माशी निगडित असलेला प्रश्न मानले पाहिजे.

रक्तातील ती खूण वाचण्याचे कौशल्य दिवसेंदिवस स्वस्त होत जाणार, हे निश्चित. ते स्वस्त होण्यापूर्वी मुलगी 'महाग' आहे हा घरोघरचा हिशेब आपण खोडून काढणार की नाही, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा देणार नाही.