‘नाइलाजाने’ बीएस्सी?

जीवशास्त्र घेतले की घरोघरी एकच जप : नीट. तिथे नंबर लागला नाही की मूल ‘नाइलाजाने’ बीएस्सीला जाते. आम्हाला हा शब्दच खटकतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये ‘इन्स्पायर’ योजना आणली. शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये. बहुतेकांना त्यासाठी बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात यावे लागते. शिवाय बायोटेक्नॉलॉजी त्या यादीत नाही, हे पालकांना प्रवेश झाल्यावर कळते!

अकरावीतच मुले हेरणारी ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना’ २०२२ मध्ये बंद झाली. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे : निकालानंतर वाटल्या जाणाऱ्या बक्षिसांतली निम्मी रक्कम अकरावीच्या जीवशास्त्राकडे वळवावी. आज चाळीस मुलांत सूक्ष्मदर्शक दोनच आहेत.