जीवाणूंची न संपणारी उमेदवारी

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीचा यीस्टचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याच्या टाकीत ऑक्सिजन नसतानाही अमोनिया घटत होता, आणि असं करणारा जीवाणू तोवर कुणी पाहिलेला नव्हता. एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मात्र १९७७ मध्येच, निव्वळ ऊर्जेच्या गणितावरून, असा जीव निसर्गात असायला हवा असं लिहून ठेवलं होतं. कारखान्यातल्या नोंदी १९९५ मध्ये छापून आल्या. १९९९ मध्ये डेल्फ्टच्याच शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून जीवाणूची ओळख जाहीर केली : ब्रोकेडिया अ‍ॅनामॉक्सिडन्स. कंपनीचंच नाव त्याला चिकटलं.

ओळख पटली, पण त्याला एकटा काढणं जमेना. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला सुमारे ११ दिवस लागतात. अखेर घनतेनुसार पेशींचे थर पाडून तो निवडला, तरी दर दोनशे ते आठशे पेशींमागे एक परकी उरलीच. नामकरणाच्या संहितेला हे चालत नाही. शुद्ध संवर्ध हवा, तोही दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा केलेला. म्हणून या जीवाणूच्या नावामागे आजही ‘कॅन्डिडेटस’ लावतात, म्हणजे उमेदवार. २००२ पासून रॉटरडॅममध्ये त्याच्या जातकुळीच्या जीवाणूंवर सांडपाण्याचा मोठा प्रकल्प चालतोय. कागदावर मात्र हे उमेदवारच.

नियम खुळचट नाही. कुणालाही संग्रहातून नमुना मागवून दावा तपासता यावा, हा त्याचा हेतू. पण ऑक्सिजनविना जगणाऱ्यांचा स्वभावच त्याच्या आड येतो. पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाचं, टेरेफ्थॅलेटचं, सांडपाणी घ्या. ते पचवणारा पेलोटोमॅक्युलम हायड्रोजन बाहेर टाकतो आणि त्या हायड्रोजनचा निचरा झाला नाही तर उपाशी मरतो. निचरा करायला मिथेन बनवणारा शेजारी लागतो. प्रयोगशाळेतही त्याला मिथेनोस्पिरिलम हंगेटीच्या सोबतीनेच वाढवावं लागलं. (हे हंगेट म्हणजे गाईच्या पोटातले सूक्ष्मजंतू वाढवायला शिकवणारे रॉबर्ट हंगेट. त्यांचं नाव पॉलिएस्टरच्या गाळापर्यंत पोचलं!)

शिवाय हे काम चिकाटीचं. बाटलीतली हवा काढून नायट्रोजन भरायचा, रबरी बूच घट्ट बसवायचं, आत रेझाझुरिनचे थेंब. द्रव रंगहीन आहे तोवर निर्धास्त. गुलाबी झाक आली की ऑक्सिजन शिरला म्हणून समजायचं आणि कित्येक आठवड्यांची मेहनत मोरीत.

यावर सोपा तोडगा निघालाय. २०२२ च्या ‘सीककोड’ या वेगळ्या संहितेनुसार जीवाणू हाती नसला तरी त्याच्या जनुकसंचावरून नाव देता येतं. उमेदवारी संपवायला ते ठीकच आहे, माझा विरोध नाही. पण जनुकसंच वाचून जीवाणू काय खात असेल याचा अंदाज बांधता येतो. तो खरंच खातो का, किती वेगाने, कोणाच्या सोबतीने, हे त्याला पोसल्याशिवाय कळत नाही. ब्रोकेडिया सापडला तो कुणीतरी महिनोन् महिने टाकीला नायट्राइट-अमोनिया पुरवत राहिलं म्हणून.

आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंटवॉशपासून बायोगॅस करणाऱ्या टाक्या आहेत. नवी टाकी सुरू करताना जुन्या टाकीतला गाळ किंवा शेण विरजणासारखं घालतात. त्या गाळातल्या डीएनएची यादी काढणं आता फार अवघड राहिलेलं नाही आणि तेवढ्यावर शोधनिबंधही होतो. जीवाणू हाती घेण्याच्या वाटेला कोण जाणार? तीन वर्षांचा प्रकल्प आणि दर वर्षी प्रगती अहवाल, असा निधीचा शिरस्ता असेल तर अकरा-अकरा दिवसांनी दुप्पट होणाऱ्या जिवाशी कुणीही शहाणा विद्यार्थी सोयरीक करणार नाही. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे, म्हणजे जमा करायची सोय घरातच आहे. निधी देणाऱ्यांनी अशा कामाला सात-आठ वर्षांची मुदत द्यावी, आणि पहिली दोन वर्षं निबंध मागूच नये.