मेंढ्या, विटा आणि घरची शाळा

हल्ली आमची शनिवारची संध्याकाळ शेजाऱ्यांकडे जाते. टेक्सासमधलं डॅलसजवळचं उपनगर, सगळी घरं एका साच्यातली. पण या शेजाऱ्यांची चारही मुलं शाळेत जात नाहीत. म्हणजे जातात, पण स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत! आई शिकवते, बाबा प्लंबिंगच्या कामावरून आले की गणित घेतात. घरात भिंतभर पुस्तकं, कपाटभर बोर्ड गेम्स, आणि जेवायच्या आधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खरं सांगतो, मी जरा सावरूनच बसलो होतो. ख्रिश्चन होमस्कूलिंग म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक ठरलेलं चित्र होतं: कडक बाप, घाबरलेली मुलं, दिवसभर बायबल. आणि आपण पडलो पुण्याची माणसं, नर्सरीच्या फॉर्मसाठी पहाटे रांगेत उभं राहणारी. शाळाच नाही म्हणजे काय?

मग त्यांनी कटान मांडलं. हा १९९५ सालचा जर्मन खेळ. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज जमवायचं आणि गावं वसवायची. फासे पडतील त्या आकड्याच्या जमिनीला पीक येतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीनं माझं गाव ११ च्या जमिनीवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. मला म्हणाली, ११ दोनच तऱ्हांनी पडतो, ८ पाच तऱ्हांनी. मग बोटांवर मोजून दाखवलं: २-६, ३-५, ४-४, ५-३, ६-२. मी इंजिनियरिंगला प्रॉबॅबिलिटी शिकलो, पेपर सोडवला आणि विसरलो. हिनं ती मेंढ्या कमावण्यासाठी शिकली होती. पुढच्या अर्ध्या तासात तिनं मला दोन मेंढ्यांच्या बदल्यात माझी शेवटची वीट द्यायला लावली आणि जिंकली. असो!

पुस्तकांचंही तसंच. आई एक प्रकरण मोठ्यानं वाचते, एकदाच. मग एकेकानं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. शार्लट मेसन नावाच्या इंग्लिश शिक्षिकेची (१८४२-१९२३) ही पद्धत, या मंडळींमध्ये फार लोकप्रिय. मला मात्र आजी आठवली. कीर्तनाहून आली की ती आम्हाला आख्यान सांगायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून वदवून घ्यायची.

तर माझं मत असं की या मुलांना जे मिळतंय ते आधी आईबाबांच्या वेळेतून येतंय, धर्म त्याच्यानंतर. आमच्या घरी दोन पगार, दोन लॅपटॉप आणि मुलीच्या वाट्याला रात्री साडेआठनंतरची वीस मिनिटं, तीही स्टँड-अप कॉल नसेल तर. ते लोक एका पगारावर राहतात, जुनी व्हॅन चालवतात आणि तो वेळ विकत घेतात. याला हसायचा अधिकार मला तरी नाही.

बरं, ही चळवळ एकट्या चर्चची नाही. जॉन होल्टनं १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्यांसाठी मासिक काढलं, ते शाळेच्या घोकंपट्टीला कंटाळून. धार्मिक कुटुंबं मोठ्या संख्येनं आली ती ऐंशीच्या दशकात. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. २०१६ च्या सरकारी पाहणीत ३४ टक्के पालकांनी सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणून शाळेतलं वातावरण सांगितलं, धर्मशिक्षण सांगणारे १६ टक्के होते. वातावरण म्हणजे काय हे मला समजावून सांगायला नको. २०२२ साली याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. बंदूक घेऊन कोणी आलं तर कपाटामागे कसं बसायचं हे माझी मुलगी शाळेत शिकून आली, त्या रात्री बायको म्हणाली, "मी शिकवते ना हिला घरी." ती पुण्यात सहा वर्षं शिक्षिका होती. मी गप्प बसलो.

दुसऱ्यांदा गप्प बसलो तो मागच्या शनिवारी. त्यांचा बारा वर्षांचा मोठा मुलगा फासे खुळखुळवता खुळखुळवता म्हणाला, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे. माझी मुलगी म्हणाली, डायनोसॉरच सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी गेले. टेबलावर शांतता. त्याचे बाबा हसून म्हणाले, आमच्या घरी असं मानतात, तुमच्याकडे वेगळं मानत असतील. विषय संपला. घरी येताना मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही बोललात?"

पाहुणा होतो म्हणून, दुसरं काय! पण तो प्रश्न आठवडाभर कुरतडतोय. पृथ्वीचं वय ही घरोघरी वेगळी मानायची गोष्ट नाही. ते साडेचार अब्ज वर्षं आहे. आणि त्या हुशार मुलाला हे सांगणारं रोजच्या आयुष्यात कोणी नाही. टेक्सासमध्ये घरी शिकवायला नोंदणी लागत नाही, सरकारी परीक्षा नाही. न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल आणि वर्षाला मूल्यमापन द्यावं लागतं. मला न्यूयॉर्क बरं वाटतं. आमच्या धंद्यात कितीही भारी प्रोग्रामर असला तरी स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू करून पुढे ढकलत नाही. मूल तर त्याहून मोठी गोष्ट.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. जन्म १८५८, शाळा घरची, आणि घरही फिरतं. तीर्थयात्रेच्या वाटेवर आईनं संस्कृत शिकवलं, पुराणं पाठ करून घेतली. असं शिक्षण त्या काळी मुलीला कुठल्या शाळेत मिळालं असतं? पण वेद बाईनं वाचायचे नाहीत हे त्या तशाच धरून होत्या. आईवडील गेल्यानंतर १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोचल्या आणि केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत ठेवली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, पुढे बायबल मराठीत आणलं. आईवडिलांनी ठरवलं होतं त्यातलं किती उरलं आणि किती बदललं बघा. घरानं दिलेली भाषा मात्र शेवटपर्यंत कामी आली. पण ते पुस्तक हातात ठेवणारा बाहेरचा माणूस भेटावा लागला.

आमच्या मुलीला आम्ही शाळेतून काढत नाही आहोत. निदान या वर्षी नाही. बायको अजून नाराज आहे, आणि तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही. पुढच्या ड्रिलच्या दिवशी पुन्हा भांडण होणार हे नक्की. तोवर साडेआठचा कॉल मी सकाळवर ढकललाय. रोज रात्री फास्टर फेणेचं एक प्रकरण, आणि मग तिनं सांगायचं. मराठीत सांगताना अडखळते, मधेच इंग्रजीत घुसते, पण सांगते.

येत्या शनिवारी शेजारी आमच्याकडे येणार आहेत. साबुदाण्याची खिचडी आणि कटान. मुलीनं डायनोसॉरचं जाडजूड पुस्तक आत्तापासूनच टेबलावर काढून ठेवलंय. बायको म्हणाली, उचलून ठेव, उगाच वाद नको. मी अजून उचललेलं नाही.