भूखंडाचा चुकारा कधी?



शीळफाटा ठाणे जिल्ह्यात. तिथे ना कापूस, ना ज्वारी. तिथला शेतकरी भाताचा. मग कोरडवाहू शेतकऱ्याने तिकडे कशाला पाहायचे? पाहायचे, कारण जो कागद आज त्याच्यापुढे आहे तोच उद्या तुमच्या ओसरीवर येईल. समृद्धी महामार्गाच्या कडेने नवनगरे वसवायची योजना सरकारने मांडलेली आहेच.

शीळफाटा-कल्याण रस्त्याच्या आजूबाजूला निळजे, कोळे, हेदुटणे, भोपर, उसरघर ही गावे आहेत. अशा दहा गावांच्या सुमारे १०८९ हेक्टर जमिनीवर कल्याण ग्रोथ सेंटर नावाचे नवे शहर-केंद्र उभारायची घोषणा २०१५ साली झाली. काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. रीत ठरली ती १९६६ च्या कायद्यातील नगररचना योजनेची.

ही रीत समजून घ्या. सगळ्यांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे. त्यातून रस्ते, गटारे, बागा, शाळा यांची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून मूळ मालकांना परत द्यायचे. जमीन कमी होते, पण रस्त्याला लागते, म्हणून भाव वाढतो. वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम योजनेच्या खर्चापोटी मालकाकडून वसूल करता येते.

सरसकट भूसंपादनापेक्षा ही रीत बरी, हे मान्य करू. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचे तत्त्व आले. इथे मालकी तरी राहते.

पण खरी मेख वेळेत आहे. भूखंडाला किंमत येते ती रस्ता, पाणी, गटार आणि वीज आल्यावर. तोवर तो नकाशावरचा चौकोन. त्यात पेरता येत नाही आणि बांधताही येत नाही. एकाधिकार खरेदीत कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तिथे निदान बोंड पुढच्या साली पुन्हा येत होते.

आणि चुकारा मागायचा कोणाकडे? ही दहा गावे ज्या २७ गावांत मोडतात ती १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत गेली. २०२० साली त्यांतली १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. नळासाठी अर्ज कोणत्या दारात न्यायचा, हेच दर थोड्या वर्षांनी बदलले.

आंध्रातल्या अमरावतीत २०१५ साली हजारो शेतकऱ्यांनी राजधानीसाठी जमिनी दिल्या. २०१९ साली सरकार बदलले, कामे थांबली. २०२४ साली पुन्हा सरकार बदलले, तेव्हा कामे हलली. मधली पाच वर्षे शेतकऱ्याची गेली. तरी त्यांनी एक शहाणपण केले होते: कोरडवाहू जमिनीला एकरी तीस हजार रुपये वार्षिक मोबदला करारात लिहून घेतला होता.

शहर नको असे आमचे म्हणणे नाही. आमच्या मागण्या हिशेबाच्या आहेत. एक, परत मिळणारा भूखंड कुठे आणि केवढा, हे ताबा देण्याआधी नकाशावर नंबरासह दाखवा. दोन, आधी गटार, मग जलवाहिनी, मग वीजतारा आणि शेवटी डांबर, या क्रमाने कामांच्या तारखा करारात लिहा. आधी डांबर टाकून मागाहून उकरायचा धंदा नको. तीन, काम सुरू होईपर्यंत पीक आमचे. सुरू झाल्यावर सोयी पोचेपर्यंत दरसाल मोबदला द्या. चार, नळाला पाणी येण्याआधी खर्चाची वसुली नको.

जमीन आज जाते. तिचा दाम कोणत्या तारखेला येणार, हे ग्रामसभेत विचारा. लेखी उत्तर मिळेपर्यंत सातबारा हातात ठेवा.