हौशी आणि धंदेवाईक

आपल्या मराठीत 'हौशी' हा शब्द मोठा लाडका. हौशी नट म्हटले की माणूस कौतुकाने मान डोलावतो. 'धंदेवाईक' म्हटले की तीच मान नकळत दुसरीकडे वळते. हे दोन्ही शब्द मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. त्यांच्यातला दंश मात्र मला टेनिसने दाखवला.

१९६८ पूर्वी विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंचे होते. ज्याने उघडपणे पैसे घेतले तो बाटला! 'प्रवासखर्च' म्हणून गुपचूप पाकीट खिशात टाकणारे मात्र सोवळ्यातच राहत. केन रोझवॉल १९५४ आणि १९५६ मध्ये अंतिम सामना हरला, मग जॅक क्रेमरच्या धंदेवाईक तांड्यात गेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. उमेदीच्या काळातली अकरा विम्बल्डने त्याला मुकली. ही मंडळी गावोगाव हिंडत. सभागृहात कॅनव्हासचे कोर्ट अंथरायचे, खेळायचे, आणि गुंडाळून पुढच्या गावी! आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचीच आठवण यावी. लंडनला वेंब्लीत छपराखाली होणारी स्पर्धा त्यांच्यात मानाची. ती रोझवॉलने पाच वेळा जिंकली, पुढे १९६४ पासून सलग चार वेळा रॉड लेव्हरने. पण विम्बल्डन ते विम्बल्डन!

१९६७ च्या ऑगस्टमध्ये त्याच सोवळ्या हिरवळीवर आठ धंदेवाईकांची स्पर्धा भरली. बीबीसीने ती रंगीत दाखवली. लेव्हरने रोझवॉलला ६-२, ६-२, १२-१० असे हरवले. पुढच्या वर्षी विम्बल्डनचे दार सर्वांना उघडले. रोझवॉल १९७० मध्ये आणि एकोणचाळिसाव्या वर्षी, १९७४ मध्ये, पुन्हा अंतिम फेरीत पोचला. दोन्ही वेळा हरला. ते एक अजिंक्यपद त्याला कधीच मिळाले नाही.

आपल्या रामनाथन कृष्णनलाही क्रेमरने करार देऊ केला होता. त्याने नकार दिला आणि १९६० व १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. नकार देणाराही मला थोरच वाटतो. मात्र तो नकार त्याचा स्वतःचा होता, भिडेपोटी दिलेला नव्हता.

हे सारे मी घरी रंगवून सांगत होतो. सौभाग्यवती भाजी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे तुमच्यासारखेच की," त्या म्हणाल्या.

"कोण, रोझवॉल?"

"छे! ते पाकीटवाले. नाही, त्यांना निदान पाकीट तरी मिळायचे."

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत मी दीड तास बोललो. मंडपवाल्याने पैसे घेतले, ध्वनिक्षेपकवाल्याने घेतले; मी शाल आणि नारळ घेऊन रिक्षाने घरी आलो. सदुसष्ट रुपये झाले. "नारळ देऊन पाहायचा होता त्याला," सौभाग्यवतींनी तेव्हाच सुचवले होते. मुलीच्या शिकवणीची फी त्या आठवड्यात थकली होती, हे त्या बोलल्या नाहीत. ते मला ठाऊक होते.

काल दुसऱ्या एका मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. विषय ठरला, तारीख ठरली. सौभाग्यवती समोरच उभ्या होत्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बरं का साहेब, एक विचारायचं होतं, मानधनाचं काय?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना.