आधी घोटा दाबून बघ!
जिममध्ये घाम गाळूनही घोट्याभोवतीची चरबी हटत नाही? हा तुझा आळस नाही. चरबी कुठे साठणार, हे बरंचसं आनुवंशिक असतं. व्यायामाने हव्या त्याच जागेची उतरत नाही. म्हणून रील बघून थेट लायपोसक्शन? थांब जरा. त्यानंतर घोट्याची सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने लागू शकतात.

आधी बोटाने घोटा दाबून बघ. खळगा राहिला, तर ती चरबी नसून साठलेलं पाणी असू शकतं. हृदय, किडनी तपासायला हवी. पाय दुखतात, सहज काळेनिळे पडतात? कदाचित लिपेडिमा असेल. त्याचं वर्णन १९४० मध्येच झालंय, तरी आजही त्याला नुसता ‘जाडेपणा’ म्हणतात.

सर्जरी करायची की नाही, ते तूच ठरव. पण आधी निदान, मग सुंदर दिसणं!